घोडीवर

तुळशीदास वेळिपाचा टिपर
सहाही चाकं काढून घोडीवर चढवलाय.
सात वर्षं तो रिवणात काजूखाली उभा होता.
खाण बंद, खेपा बंद, हप्ते तेवढे चालू.
हौद्यात उंबराचं रोप,
उजव्या हेडलाइटमध्ये कुंभारणीचं मातीचं घर.

लोकांना वाटतं, गाडी चालून झिजते.
उभी राहून जास्त झिजते.
ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटले,
रबरी सील वाळून बिस्किटं झाली,
टाकीच्या तळाशी डिझेलचा काळा मुरंबा.
ओढून आणला तेव्हा कुडचड्याच्या पुलावर
मागचं एक चाक फिरलंच नाही,
घासत आलं.

यू-बोल्टचा नट सोडवतोय, आज तिसरा दिवस.
काल डिझेल पाजलं,
परवा शिव्या दिल्या,
आज गॅसची ज्योत.
नट लाल, मग नारिंगी.
पान्याला चार फुटी पाइप लावून
मी आणि मार्सेलीन दोघे लोंबकळतो.
मार्सेलीन सत्तेचाळीस किलोचा,
तरी लोंबकळतो.

कट्!

हा आवाज दोन प्रकारचा असतो.
एकात नट सुटतो, दुसऱ्यात बोल्ट तुटतो.
कानाच्या आधी मनगटाला कळतं.

सुटला.

पाटे वेगळे केले तर फटीफटीत
दाबून चपटी झालेली लाल माती.
सात पावसाळ्यांना ती निघाली नाही.
स्क्रू-ड्रायव्हर घातला तेव्हा पत्र्यावर पडली
करपल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी,
एका बाजूवर पोलादाचा गुळगुळीत ठसा.

तुळशीदास उकिडवा बसला,
पापुद्रा बोटांत चुरला.
"ही कुळ्याची. आमची इतकी काळी नाही."
"हुंगून सांगतोस?"
"सहा खेपा रोज. काचा वर करूनही नाकात जायची.
बायको उशीचा अभ्रा वेगळा धुवायची."
हात पँटला पुसले.
पँटचा रंग बदलला नाही.

आता त्याला कुटबणच्या जेटीवर लागायचंय.
बांगडे, तारल्या, बर्फ.
मी म्हटलं, बाबा रे, धूळ परवडली.
धूळ तोंडावर येते,
फिल्टर झटकला की गेली.
मीठ बोलत नाही.
बर्फाचं पाणी ठिबकत ठिबकत चासीच्या पोटात शिरतं,
वरून रंग शाबूत, आतून चाळण,
आणि एक दिवस खड्ड्यात चाक गेलं की
कमानीचा ब्रॅकेट हातात.
म्हणून हौद्याला उतार देऊन
मागे लांब नळी काढलीय.
मासळीचं पाणी लोखंडाला न शिवता रस्त्यावर पडेल.
मागून येणाऱ्या स्कूटरवाल्यांनी मला माफ करावं.

"पैसे पहिल्या खेपेनंतर," तुळशीदास म्हणाला.
मी भिंतीकडे बघितलं.
खडूनं लिहिलेले नंबर अजून आहेत तिथे.
त्यातल्या चार गाड्या भंगारात गेल्या, वजनावर.
नंबर पुसायला ओला बोळा घेतो कधी कधी,
मग त्यानं जॅकच पुसतो.

नवव्या दिवशी डिझेलच्या लाइनीतली हवा काढली.
अंगठ्यानं पंप दाबत राहायचं,
फेस,
फेस,
फेस,
मग एकदम सलग, पिवळसर धार.
तुळशीदास केबिनमध्ये चढला. किल्ली.
एक खाकर, दुसरी खाकर,
पांढरा धूर, त्यात करपल्या पाल्याचा वास,
आणि पत्र्याचं छप्पर थरथरायला लागलं.

चाकं अजून कोपऱ्यात रचलेली.
मागचे दोन हब हवेतच फिरू लागले,
आधी हळू.
त्यानं क्लच दाबला. दुसरा. तिसरा.
कान लावून मी डेफखाली पडलेलो,
आवाज साफ होता.
चौथा टाकल्याचं ऐकलं,
आणि हॉर्न, विनाकारण, वळणावर देतात तसा.

मार्सेलीन पायदानावर चढून ओरडला,
"खंय पावलो?"

तुळशीदासाचे दोन्ही हात स्टीअरिंगवर,
नजर समोरच्या भिंतीवर.
"तिळामळ," म्हणाला.